ती समोर होती का?

आमच्या भागातल्या एका डेअरीचा मालक जेपी होता. इथे वेलिंग्टनला डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. दूध तिथे मिळतं, पण गाईम्हशींशी त्याचा संबंध तेवढाच. या गृहस्थांकडे कागदावर शिक्का मारून घ्यायला गेलं की ते म्हणायचे, "मारतो की. दूध वगैरे काही हवंय का?" ज्याला दूध नको असायचं, त्याच्या वेळी नेमका शिक्का सापडायचा नाही. एका विद्यार्थ्याने आमच्याकडे तक्रार केली. जेपीने शिक्क्याचे पैसे घ्यायचे नाहीत हा नियम. मग दूध म्हणजे पैसे का? आमच्या समितीने यावर दोन बैठका घेतल्या. निर्णय झाला, की दूध ऐच्छिक होतं. फाइल बंद. तो मुलगा दूध पचत नाही म्हणून कळवळून लिहीत होता, तो मुद्दा समितीच्या कक्षेत बसला नाही.

जेपी म्हणजे जस्टिस ऑफ द पीस. आपल्याकडे कागदांवर एसईएमचा, म्हणजे विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा, शिक्का घ्यायला लोक धावतात ना, साधारण तसलं प्रकरण. बिनपगारी, सज्जन, बहुधा निवृत्त माणसं. खऱ्या कागदाची ही खरी प्रत आहे, असा शिक्का मारायचा. प्रतिज्ञापत्रावर साक्ष घालायची. त्यांतले काही कोर्टात बसून बारीकसारीक गुन्ह्यांचे निकालही देतात. म्हणजे कुंपणापलीकडे गुलाब छाटत उभा असलेला म्हातारा हा तुमचा दंडाधिकारी असू शकतो. ही पद्धत व्हिक्टोरिया राणीच्या काळात बोटीतून उतरली आणि इथेच राहिली. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी बहुतेक त्याच बोटीतून उतरल्या असाव्यात. त्या तक्रारी घेण्याच्या टेबलावर माझी नोकरी झाली.

त्याआधी मी ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. माझी अशी समजूत होती, की ठाण्यात न्यायाला उशीर होतो तो पंखे बंद असतात आणि फायली उंदीर खातात म्हणून. वेलिंग्टनमध्ये पंख्यांची गरजच नाही आणि उंदीर दिसला नाही, तेव्हा इथे न्याय नळाच्या पाण्यासारखा येत असणार. नोकरी लागली तेव्हा मी धर्मादाय दुकानातून एक निळा कोट घेतला. आधीची मालकीण खांद्याने माझ्या दीडपट असावी. तो कोट घालून मी आरशासमोर उभी राहायचे आणि इथल्या माओरी नमस्काराने सुरुवात करून म्हणायचे, "किया ओरा, मी आपल्याला कशी मदत करू?" आमचे हे पलंगावरून म्हणायचे, "चहा दे." तर अशी ती निळ्या कोटातली बाई. तिला वाटायचं, राणीनंतर तीच.

माझी साहेब जॉयस. उंच, हाडकुळी, अकराच्या चहाला चीज स्कोन खाणारी आणि त्याचे कण फायलींत सांडणारी. तिने मला पहिल्या आठवड्यातच काचेच्या कपाटापाशी नेलं. त्यात राणीच्या काळातली एक जुनी तक्रार ठेवली होती. एका गावात दंडाधिकारी म्हणजे तिथला बडा मेंढीवाला. शेजाऱ्याची डुकरं त्याच्या बागेत शिरली. त्याने शेजाऱ्यावर खटला भरला, स्वतःच न्यायासनावर बसला, स्वतःचीच साक्ष ऐकली, ती विश्वासार्ह वाटली आणि शेजाऱ्याला दंड केला. शेजाऱ्याने राजधानीला तक्रार धाडली. राजधानीतल्या साहेबाने ती पुढच्या बोटीने त्याच दंडाधिकाऱ्याकडे खुलाशासाठी पाठवली. खुलासा आला, की तक्रारदार दारुडा आहे. प्रकरण मिटलं.

"पण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच विचारायचं?" मी म्हटलं.

"मग कुणाला विचारणार?" जॉयस म्हणाली. "डुकराला?"

मी हसले. मला वाटलं, ही जुन्या काळाची गंमत आहे. मग तिने मला आमची आजची पद्धत सांगितली. तक्रार आली की ती त्या जेपीकडे खुलाशासाठी पाठवायची. खुलासा आला की समितीपुढे ठेवायचा. समितीत कोण? जेपीच. मग तक्रारदाराला पत्र.

"फरक काय झाला मग?" मी विचारलं.

"आता बोट नाही," जॉयस म्हणाली. "इमेल आहे. हीप्स फास्टर."

तक्रारी कशाकशाच्या यायच्या, ते सांगितलं तर लोकांना वाटतं मी फोडणी घालते. जेपीने हिरव्या शाईने सही केली. जेपीने माझा घटस्फोटाचा कागद वाचताना जांभई दिली. एकाने लिहिलं होतं, की जेपीच्या कुत्र्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. या सगळ्यांना मी मन लावून उत्तरं लिहायचे. आणि मधूनच एक तक्रार अशी यायची, की कुत्र्यावरचं हसू पुसलं जायचं. एक वयस्क माओरी बाई आल्या होत्या. कोर्टात जेपीने त्यांचं नाव तीनदा चुकीचं उच्चारलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच हसला. त्या म्हणाल्या, "ते माझ्या आजीचं नाव आहे. त्याने माफी मागावी, एवढंच मला हवंय." त्याचा खुलासा आला, की आपण हसलो नाही, घसा साफ केला. आम्ही बाईंना लिहिलं, की आपल्याला तसं वाटलं याबद्दल खेद आहे, फाइल बंद करण्यात येत आहे. ते पत्र मी टाइप केलं. मला त्यातलं माझं इंग्रजी फार आवडलं होतं. मी घरी येऊन ह्यांना ते वाचूनही दाखवलं. असा एकेक दागिना होता माझ्याजवळ.

जॉयसने नियम मात्र एकच पक्का शिकवला. प्रतिज्ञापत्रावर साक्ष घालताना ते करणारा माणूस जेपीच्या समोर हवा. त्याला विचारायचं, की यातलं तुला माहीत आहे का, हे खरं आहे का, ही सही तुझी का. त्याने तोंडाने 'हो' म्हणायचं. मगच शिक्का. "बाकी सगळी शाई," जॉयस म्हणायची. म्हणून प्रतिज्ञापत्राची तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: तो समोर होता का? ती समोर होती का?

आता वसंतकाकांविषयी. इथल्या जुन्या मराठी मंडळींत त्यांना कोण ओळखत नव्हतं? मूळ धंदा औषधांचा, फार्मसिस्ट होते. जॉन्सनव्हिलच्या चढावर घर. आमच्या लोकांत पहिले जेपी तेच झाले. त्यांचा शिक्का चष्म्याच्या जुन्या घरात असायचा आणि ते घर कोटाच्या खिशात. गणपतीची आरती झाली, प्रसाद वाटला, की काका कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसायचे आणि लोक पिशव्यांतून कागद काढायचे. डिग्र्या, लग्नाचे दाखले, घरकर्जं, व्हिसे. नव्याने आलेल्या पोरांना ते शिक्का मारून द्यायचे आणि वर सुधाकाकूंचा चिवडा द्यायचे. शिक्का नेहमी थोडा तिरका यायचा. आम्ही म्हणायचो, तिरका असेल तर काकांचा, सरळ असेल तर सरकारचा.

केतकी आमच्या खिडकीवर आली तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. निळा कोट केव्हाच फाटला होता. ती हॉस्पिटलात नर्स. युनिफॉर्मवर जाकीट घालून आली होती. इंग्रजीत सुरुवात केली आणि माझं आडनाव वाचून थांबली.

"तुम्ही मराठी?"

"हो गं. बस ना."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि जाकीट न काढताच बसली.

तिचा मुलगा ओजस, वय चार. नवऱ्याची नोकरी गेली होती, घरात धुसफूस होती. नवरा म्हणाला, दिवाळीला ओजसला सांगलीला आईबाबांना भेटवून आणतो. तिला रजा नव्हती. तिने मुलाची बॅग भरली. पोहण्याचे टॉग्जसुद्धा घातले, कारण ओजसच्या मते आजोबांच्या घरी समुद्र होता. दोघं गेले. परतीच्या विमानाच्या दिवशी नवऱ्याचा मेसेज आला, की ओजस आता इथेच राहील, आणि तू संमती दिलेलीच आहेस. सोबत कागदाचा फोटो. मुलाने वडिलांकडे सांगलीला राहावं यास माझी संमती आहे, असं आईचं प्रतिज्ञापत्र. खाली तिची सही. त्याखाली जेपीची साक्ष.

"सही खोटी आहे?" मी विचारलं.

"नाही. माझीच आहे." ती हाताकडे बघत म्हणाली. "ड्यूटीवरून आले होते. पोळ्या लाटत होते. तो म्हणाला, व्हिसाचे कागद आहेत, इथे, इथे आणि इथे. हाताला पीठ होतं. पुसून सह्या केल्या."

"आणि जेपीने तुला काय विचारलं?"

"कुठला जेपी? मी कुणाकडे गेलेच नाही, काकू. मला कुणी विचारलंच नाही."

मी फोटो जवळ घेतला. शिक्का तिरका होता.

अशा वेळी काय करायचं याचाही नियम आहे. मी जॉयसकडे जाऊन सांगितलं, की या जेपीला मी ओळखते. जॉयस म्हणाली, "मग फाइल इकडे दे. या विषयावर त्याच्याशी बोलू नकोस. तिच्याशीही नाही." आमची टेबलं हाताच्या अंतरावर होती. फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली आणि मी त्या गोष्टीच्या बाहेर पडले. म्हणजे कागदोपत्री पडले.

खुलाशाचं पत्र काकांना पोचलं, त्याच संध्याकाळी त्यांचा फोन.

"शैला, तुमच्या हापिसातून काहीतरी आलंय गं. मी काय लिहायचं यात?"

"काका, मला यावर बोलता येणार नाही."

"बोलू नकोस. चहाला ये."

मी गेले. ऐकू नये असा काही नियम नव्हता. सुधाकाकूंनी चहा ठेवला आणि नेहमीसारख्या आत न जाता दारातच उभ्या राहिल्या. काकांच्या मांडीवर ते पत्र होतं, घड्या घालून घालून मऊ झालेलं.

"मुलगा चांगला वाटला," काका म्हणाले. "म्हणाला, बायको घरी आहे, दमलीय. सही तिचीच आहे ना, मी विचारलं. हो म्हणाला. आता एवढ्यावर मी काय म्हणणार? तिला घेऊन ये, मला खात्री करायचीय? म्हणजे तुझ्यावर माझा विश्वास नाही, असंच ना? दुसऱ्याच्या घरातली बाई. तिला समोर उभी करून विचारायचं, की बाई गं, नवरा म्हणतो ते खरं का? आपल्यात कुणी विचारतं का असं?"

मी चहावरची साय चमच्याने बाजूला काढली.

"तू काही बोलायची नाहीस, ठीक आहे. पण तुझ्या घरकर्जाच्या वेळी मी तुला कुठे विचारलं होतं? तुझा नवरा इथे बसला होता, याच खुर्चीवर. तू आत सुधाबरोबर वाटाणे सोलत होतीस. मी साधी हाक मारली असती तरी ऐकू आली असती तुला."

ते खरं होतं. मला ते वाटाणेसुद्धा आठवत होते. आणि याहून वाईट म्हणजे परतताना गाडीत मी ह्यांना काय म्हटलं होतं तेही आठवत होतं. मी म्हटलं होतं, "काका किती समजूतदार आहेत नाही? मला उठवलंसुद्धा नाही." दिवसभर अख्ख्या देशाला 'ती समोर होती का' म्हणून विचारणारी, निळ्या कोटातली ती विदुषी. भिंतीपलीकडे स्वतःचं घर गहाण पडत होतं आणि ही वाटाण्यातली अळी शोधत होती.

"विचारायला हवं होतं हो," दारातून सुधाकाकू म्हणाल्या. त्या नवऱ्याला पहिल्यांदाच चारचौघांत असं काही म्हणत असाव्यात. चारचौघं म्हणजे मी.

काकांनी पत्राची आणखी एक घडी घातली आणि म्हणाले, "शैला, तो पोरगा कुठेय आता?"

"सांगलीला," मी म्हटलं. तेवढा नियम मोडला.

त्यांचा खुलासा दोन ओळींचा आला. ती समोर नव्हती. तिला बोलवावं असं माझ्या मनात आलं नाही. जॉयसने तो दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "इतक्या वर्षांत असं कुणी लिहिलेलं नाही. मला वाटलं, लिहील की बाई दारू पिते."

समितीपुढे पर्यायच उरला नाही. दूधवाला सुटला, घसा साफ करणारा सुटला, आणि ज्याने खरं लिहिलं तो दोषी ठरला. काका स्वतः आले आणि चष्म्याचं घर जॉयसच्या टेबलावर ठेवून गेले. जॉयसने ते उघडलं आणि शिक्का काढून घेऊन रिकामं घर पोस्टाने त्यांना परत पाठवलं.

केतकीला पत्र गेलं: आपली तक्रार ग्राह्य धरण्यात आली आहे. आमच्या टेबलावरून असं पत्र क्वचितच जायचं. ती ते हातात घेऊन खिडकीवर आली. जॉयस पुढे झाली. मी मागे माझ्या टेबलावर, बाहेरची.

"म्हणजे मी जिंकले?" तिने विचारलं.

"तुमची तक्रार ग्राह्य ठरली," जॉयस म्हणाली.

"मग ओजस?"

जॉयसने तिला समजावलं. आम्ही फक्त जेपीचं वर्तन बघतो. त्या वर्तनामुळे पुढे काय झालं, हे आमच्या कक्षेत येत नाही.

"मग तो कागद तरी रद्द झाला, असं लिहून द्या. मी सांगलीच्या कोर्टात दावा लावलाय, तिथे दाखवीन."

"कागद रद्द करण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते कोर्टाने ठरवायचं."

"कोर्ट म्हणतंय, कागदावर शिक्का आहे."

"हो," जॉयस म्हणाली. "शिक्का आहे."

केतकीने जॉयसच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी उठून पुढे जायला हवं होतं की नको, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. उठून मी काय सांगणार होते? जॉयसने सांगितलेलं मराठीत सांगितलं असतं. ती गेल्यावर मी जॉयसला आपली म्हण सांगितली: बैल गेला आणि झोपा केला. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. जॉयस म्हणाली, "हे त्या काचेच्या कपाटात लावायला हवं." आणि अकराचा स्कोन तिने तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

आमच्या लोकांचं काय सांगू. त्या वर्षीच्या गणपतीत काकांची कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती आणि त्याचा दोष केतकीवर आला. "काकांनी तिचं काय घोडं मारलं होतं?" असं बायका मोदकाच्या ताटापाशी म्हणत होत्या, ती ऐकेल एवढ्या हळू. "सही तर तिचीच होती ना?" आणखी एक म्हणाली. यात डॉक्टर होत्या, फार्मसिस्ट होत्या, इथल्या विद्यापीठातून शिकलेल्या होत्या. त्यांतल्या किती जणींना काकांनी समोर बोलावलं होतं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी मोदक खाल्ला. केतकी आरतीआधीच निघून गेली. पुढे तिने अप्पर हट या लांबच्या उपनगरात खोली घेतली. तिथे आमची गर्दी कमी.

सांगलीच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. ती दोनदा जाऊन आली. पत्र दाखवलं. तिथल्या वकिलाने विचारलं, "सही तुमची आहे का?" ती म्हणाली, "हो, पण." पुढचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मधल्या काळात मूल शाळेत जायला लागलं, आजीआजोबांना चिकटलं. मूल रुळलंय, असं सगळे म्हणू लागले. रुळलेल्या मुलाला हलवू नये, असं तर मीही इतरांना सांगत आले आहे.

सुरुवातीला फोनवर ती मराठीत विचारायची आणि ओजस इंग्रजीत उत्तर द्यायचा. इथली सगळी मुलं तशीच. माझी नातही मला "आजी, आय नो" यापलीकडे काही देत नाही. केतकी म्हणायची, "जेवलास का?" तो 'मस्त' या अर्थी इथल्या पोरांसारखं म्हणायचा, "स्वीट अ‍ॅज, मम." हळूहळू त्याचं इंग्रजी गळत गेलं. मग एकदा ती त्याला म्हणाली, समर आलाय, तुझे जँडल्स दारातच आहेत. त्याने विचारलं, "जँडल्स म्हणजे काय?" चपला रे, ती म्हणाली. हे तिने मला स्टेशनवर भेटली तेव्हा सांगितलं, साधं, हवापाणी सांगावं तसं.

मी निवृत्त झाले. जॉयस तिच्या बहिणीकडे दक्षिणेला राहायला गेली. नाताळला कार्ड पाठवते, त्यात स्कोनचे कण नसतात. आणि मी काय केलं असेल? मी जेपी झाले. ह्यांनी हात जोडले. म्हणाले, "चोराच्या मागावर पोलीस ऐकले होते, इथे पोलीसच." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, लग्न टिकतं ते असं.

शनिवारी सकाळी मी वाचनालयातल्या टेबलावर बसते. माझी कीर्ती वाईट आहे. 'वाचायला लावणारी आजी' म्हणतात मला. प्रत्येक कागद मी ज्याचा त्याला मोठ्याने वाचायला लावते. घाईत असलेले पुरुष माझ्याकडे येत नाहीत. नवे असतात ते एकदा येतात.

"बायको कुठेय?"

"गाडीत बसलीय, काकू. पार्किंग मिळत नव्हतं."

"तिला घेऊन या. गाडीत तुम्ही बसा."

ती येते, केस बांधत, कपाळाला आठ्या घालून. मी म्हणते, वाच. ती म्हणते, "यात वाचायचं काय, काकू? तेच बघतात सगळं." मी म्हणते, तरी वाच. ती भराभर वाचते, शब्द गिळत, मला खूश करण्यासाठी. ती समोर असते, 'हो' म्हणते, सही तिचीच असते. मला शिक्का मारावा लागतो. ती परत गाडीत जाताना नवऱ्याला म्हणते, "म्हातारी खडूस आहे." काकांची समजूत मोडायला मी बसले होते. ती समजूत माझ्यासमोर दर शनिवारी ताजी, धडधाकट येते आणि मला नमस्कार करून जाते.

काकांकडे मी अधूनमधून जाते. ते आता फार बोलत नाहीत. प्रत्येक वेळी निघताना मात्र विचारतात, "तो पोरगा आला का गं?" सुधाकाकू म्हणतात, "चिवडा घेऊन जा हं थोडा."

गेल्या महिन्यात केतकी वाचनालयात आली. अप्पर हटहून सकाळची ट्रेन पकडून, मग दुसरी. रांगेत दोघांच्या मागे उभी राहिली. मी पुढे बोलावलं तरी आली नाही. मग बसली आणि पाकिटातून कागद काढला.

ओजसच्या पासपोर्टची मुदत संपत होती. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. नव्यासाठी आईची संमती लागणार होती. नवऱ्याने सांगलीहून मजकूर पाठवला होता, आणि त्यात पासपोर्टच्या वाक्याआधी जुन्या संमतीपत्रातलं वाक्य तसंच बसवलं होतं.

"हे वाक्य काढून पाठव म्हणावं," मी म्हटलं.

"म्हटलं. तो म्हणतो, आहे तसा कागद हवा, नाहीतर राहू दे."

"सही केलीस तर ओजसला पाठवणार आहे का सुट्टीत?"

"म्हणतो, पाठवीन."

"पाठवेल?"

"नाही पाठवणार," केतकी म्हणाली. "पण त्याच्याकडे पासपोर्ट तर असेल."

मी कागद खाली ठेवला. "तुझ्याकडे हॉस्पिटलजवळच किती जेपी आहेत. इतक्या लांब कशाला आलीस?"

"ते नुसता शिक्का मारतील, काकू. तुम्ही विचाराल." ती कागद माझ्याकडे सरकवत म्हणाली, "एकदा कुणीतरी मला विचारावं, असं वाटत होतं."

मग मी विचारलं. नियमाप्रमाणे. म्हटलं, वाच. तिने वाचलं. वाचनालयात शनिवारी मुलांच्या गोष्टींचा तास असतो, पलीकडे कुणीतरी बदकाचा आवाज काढत होतं. ती त्या आवाजात हळू पण स्पष्ट वाचत गेली. माझा मुलगा ओजस याने त्याच्या वडिलांकडे सांगली येथे राहावं, यास माझी संमती आहे.

"यातलं सगळं तुला समजलंय?"

"हो."

"कुणाचा दबाव?"

दबाव आहे म्हणाली असती, तर मला सही घेता आली नसती. हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे सरळ बघितलं. मी नजर वळवली नाही. तेवढं एक मला जमलं.

"नाही," ती म्हणाली. "कुणाचाही नाही."

"हे खरं आहे असं माझ्यासमोर सांगतेस?"

"हो, काकू. सांगते."

तिने पेन घेण्याआधी तळहात जाकिटाला पुसले. कोरडेच होते. सही केली. मी त्याखाली माझी केली, तारीख घातली, शिक्का मारला. शिक्का सरळ आला.

कागद मी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासला. नोकरीची सवय. ती समोर होती. तिने वाचलं. तिला विचारलं. तिने हो म्हटलं. यात कुठेही बोट ठेवायला जागा नाही. या कागदाविरुद्ध आता कुणालाही, कुठेही तक्रार करता येणार नाही.